पडल्यानंतरचा तास

सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला डोंगराची भीती वाटते ती दरीची, घसाऱ्याची आणि संपलेल्या पाण्याची. इंग्लंडमधल्या पीक डिस्ट्रिक्टमध्ये माउंटन बाइक चालवायला लागल्यापासून मला या सगळ्यांहून गारठ्याचं भय जास्त वाटतं. इथलं सर्वांत उंच ठिकाण किंडर स्काउट. त्याची उंची ६३६ मीटर, म्हणजे सिंहगडाच्या निम्म्याहूनही कमी. आकड्यावर जाऊ नका. माथ्यावर हेदरची झुडपं, पीटची काळी भिजलेली माती आणि वारा. आडोशाला झाड नाही.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी ईडेल क्रॉसवरून जेकब्स लॅडरकडे उतरताना आमच्यातला एक मित्र पडला. पुढचं चाक दगडांच्या खाचेत अडकलं आणि नेमका तेव्हाच पुढचा ब्रेक दाबला गेला. तो हँडलवरून फेकला गेला आणि त्याचं हसळीचं हाड मोडलं. शुद्धीवर होता, नीट बोलत होता. पण चढावर घामाने भिजलेले कपडे अंगावर तसेच होते. थोड्याच वेळात दात वाजायला लागले, मग बोलणं अडखळायला लागलं. फोनला रेंज नव्हती, म्हणून एकाला खाली धाडावं लागलं. माउंटन रेस्क्यूचे स्वयंसेवक आले आणि त्यांनी त्याला सुखरूप खाली नेलं. मोडलेल्या हाडाने तेव्हा मला घाबरवलं नाही, त्याच्या थरथरीने घाबरवलं.

म्हणून नव्याने इथे येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: उन्हाळा असला तरी प्रत्येकाच्या पाठपिशवीत कोरडं जाड जाकीट, टोपी आणि हातमोजे हवेत. गटात मिळून एक शेल्टर, म्हणजे सगळ्यांनी आत शिरायचं कापडी आच्छादन, घ्या. वजनाला हलकं असतं आणि तीन-चार जण त्यात दाटीवाटीने बसू शकतात. जखमीखाली काहीतरी अंथरा, कारण ओली जमीन अंगातली ऊब झपाट्याने ओढून घेते. मदतीसाठी ९९९ लावा, आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागा. ९९९ला एसएमएसही जातो, मात्र त्यासाठी नोंदणी घरूनच करून ठेवावी लागते. शिट्टी जवळ असू द्या: मिनिटभरात सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबायचं.

पडणं टाळण्याचे उपायही आहेत. माथ्यावर थांबून सीट खाली घ्या. पेडल जमिनीला समांतर, टाचा खाली, कोपरं सैल आणि नजर चाकासमोर न ठेवता चार-पाच मीटर पुढे. वेग खडकाच्या आधी कमी करा. खडकावर चाक मोकळं फिरू द्या. वाटेवर पाणी काढण्यासाठी आडव्या दगडी पन्हळी असतात. त्या तिरक्या ओलांडल्या तर चाक घसरतं, म्हणून काटकोनातच ओलांडा. दगडही ओळखायला शिका. किंडरच्या बाजूचा खरखरीत ग्रिटस्टोन ओला असतानाही बऱ्यापैकी पकड देतो. कॅसलटनजवळच्या केव्हडेलमधला चुनखडीचा दगड मात्र झिजून गुळगुळीत झालेला आहे. पावसानंतर त्यावरून सायकल हातात धरूनच उतरा.

वाट आपली एकट्याची नसते. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६८च्या कंट्रीसाइड ॲक्टने ब्रायडलवेवर, म्हणजे घोडेस्वारांनाही खुल्या असलेल्या वाटेवर, सायकल चालवायचा हक्क दिला, तो पायी चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट देण्याच्या अटीवर. फूटपाथवर, म्हणजे फक्त पायी चालायच्या वाटेवर, तो हक्क नाही. जेकब्स लॅडरवरून पेनाइन वे ही प्रसिद्ध पायवाट जाते, त्यामुळे तिथे माणसांची गर्दी असते. पुढचं वळण दिसत नसेल, तर थांबता येईल एवढाच वेग ठेवा.

आता आमच्या गटात एक नियम पक्का आहे. शेल्टर आणि प्रथमोपचाराची पेटी नेहमी सर्वांत मागच्याकडे असते. पुढे कोणी पडला तर मागच्याला काही क्षणांत खाली पोचता येतं. तेच सामान पुढे निघून गेलं असेल, तर ते परत चढवून आणायला वेळ लागतो, आणि गारठा तेवढा वेळ देत नाही. निघण्याआधी एवढं ठरवा, मग ब्रेक सोडा.