शरदातील सायकल-सहल : घाट निवडावा कसा?

पावसाळा सरतो, घटस्थापना होते आणि लालबाग-परळच्या चाळींतून दिवाळीच्या सुट्टीतील सहलींचे बेत शिजू लागतात. मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे ८ ऑक्टोबरच्या सुमारास मुंबईचा निरोप घेतो. त्यानंतर दोन-तीन आठवडे उन्हाचा ताप असतो. तो ओसरला की सह्याद्रीत हिंडण्याचा खरा काळ सुरू होतो. पायी जाणाऱ्यांच्या सोबतीला आता सायकलवरून जाणारेही पुष्कळ झाले आहेत. मात्र कोठे जायचे हे बहुधा नाव ऐकून किंवा कोणाची तरी छायाचित्रे पाहून ठरते. ही निवड नावावरून न करता मापावरून कशी करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विषयाकडे मी वळले त्याला घरचे कारण आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. वडील पंचवीस वर्षे सायकलवरून दूध घालतात. त्यांच्या लेखी सायकल हे पोटाचे साधन. ती घेऊन मौजेखातर डोंगरात जायचे, ही कल्पनाच त्यांना नवी होती. मी व माझ्या दोन वर्गमैत्रिणींनी बेत मांडला तेव्हा त्यांनी नकार दिला नाही. "धाकट्यालाही बरोबर न्या," ते म्हणाले, "पण जागा कोणती आणि तीच का, हे आधी मला पटवून दे." धाकटा भाऊ तेरा वर्षांचा, आठवीत शिकणारा. चाळीत दहा जणांना विचारून मिळालेली दहा नावे वडिलांना पटणार नव्हती. त्यांना कारण हवे होते. या लेखातील अभ्यास झाला तो ते कारण शोधताना.

परदेशातील रीत

डोंगरात चालवावयाची जाड टायरांची सायकल, म्हणजे माउंटन बाइक, १९७०-८० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात आकाराला आली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या प्रकाराला स्थान मिळाले. पुढे बर्फावर घसरण्याच्या खेळाची जी ठिकाणे होती, तेथे उन्हाळ्यात व शरदात या सायकलींसाठी खास उद्याने उभी राहिली. कॅनडातील व्हिसलर येथील उद्यान त्यांत विशेष नावाजलेले आहे. अशा ठिकाणी सायकल व स्वार यांना तारेवरच्या पाळण्यातून डोंगरमाथ्यावर नेतात, आणि तेथून आखून दिलेल्या वाटांनी स्वार खाली येतो.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. तेथे प्रत्येक वाटेच्या तोंडाशी रंगाची खूण असते. हिरवा रंग नवशिक्याचा, निळा मध्यम तयारीच्या माणसाचा, काळा तरबेजाचा. स्वाराने आपली कुवत ओळखून रंग निवडायचा. आपल्या घाटांच्या तोंडाशी 'वाहने सावकाश चालवा' अशी पाटी असते, पण हा घाट कोणासाठी आहे हे सांगणारी पाटी नसते. तेव्हा आपल्या घाटांना रंग देण्याचे काम आपणच केले पाहिजे.

चढाचे माप

रंग देण्याची पहिली कसोटी चढ. भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलनिर्देशक नकाशे आपण प्रात्यक्षिकात पाहतोच. पन्नास हजारास एक या प्रमाणाच्या नकाशावर दोन सें. मी. म्हणजे जमिनीवरचा एक कि. मी., आणि लगतच्या दोन समोच्च रेषांत २० मीटर उंचीचा फरक. रस्त्याच्या दोन सें. मी. लांबीत पाच रेषा ओलांडल्या, तर एक कि. मी.त १०० मीटर चढ झाला. म्हणजेच दहास एक. दोनच रेषा ओलांडल्या तर पंचवीसास एक. भूगोलाच्या पुस्तकातली ही गोष्ट परीक्षेपलीकडे उपयोगी पडेल असे मला पूर्वी वाटले नव्हते.

पण या आकड्याचा अर्थ पायांना कळायला हवा. त्यासाठी आम्ही एका रविवारी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात गेलो. तेथे सायकली भाड्याने मिळतात आणि कान्हेरी लेण्यांकडे जाणारा डांबरी रस्ता झाडीतून हळूहळू चढत जातो. धाकट्याचा दम कोणत्या चढावर पुरतो आणि कोठे तो उतरून सायकल ढकलू लागतो, ते नोंदवून ठेवले. आमच्यापुरता अंदाज असा निघाला : तिसास एक चढ तो बोलत बोलत चढतो, विसास एकला बोलणे बंद होते, आणि त्याहून कडक चढ लांबला की पाय जमिनीवर येतात. प्रत्येक गटाचा अंदाज वेगळा निघेल. तो घरी बसून ठरवू नये, इतकेच सांगणे आहे.

चार घाट, चार कसोट्या

चढाखेरीज आणखी तीन गोष्टी पाहिल्या पाहिजेत : वाहतूक, रस्त्याचा पृष्ठभाग, आणि अडचण आल्यास परतीची सोय. या कसोट्यांवर मुंबईकरांच्या परिचयाचे चार घाट लावून पाहू.

माथेरान : नेरळहून दस्तुरी नाक्यापर्यंतचा रस्ता आठ-नऊ कि. मी.चाच, पण तेवढ्यात सुमारे सातशे मीटर चढायचे असते. सरासरी चढ दहा-बारास एक. १९०७ साली सुरू झालेल्या छोट्या रेल्वेला हाच डोंगर चढण्यासाठी वळणे घेत सुमारे २१ कि. मी. जावे लागते, यावरून रस्त्याचा कडकपणा लक्षात यावा. शिवाय टॅक्सींची सततची ये-जा. रंग काळा.

माळशेज : पावसाळ्यानंतर याचे रूप डोळ्यांत मावत नाही. तथापि कल्याणपासून हा सुमारे ८५ कि. मी. दूर आहे आणि जवळ रेल्वे नाही. या घाटात दरडी कोसळतात, आणि पाऊस थांबल्यावरही सुटलेले दगड कड्यावर राहिलेले असू शकतात. सायकल मोडली, तर मिळेल त्या वाहनाला हात दाखवण्यावाचून उपाय नाही. रंग काळा, तो चढामुळे कमी, एकाकीपणामुळे अधिक.

कसारा : थळ घाटाची गोष्ट उलटी आहे. कसाऱ्यापर्यंत लोकल जाते, पुढे इगतपुरी गाठण्यास सुमारे तीनशे मीटर चढ आहे. चढापुरते पाहिले तर रंग निळा. पण हा मुंबई-नाशिक महामार्ग आहे आणि मालमोटारींची रांग खंडत नाही. तेरा वर्षांच्या मुलासाठी तो काळाच.

बोरघाट : याचे आकर्षण सर्वांत मोठे. गाडीरस्ता १८३० सालचा, रेल्वे १८६३ सालची. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत हा घाट प्रथम चढून जाणाऱ्याला 'घाटाचा राजा' हा किताब मिळत आला आहे, आणि त्याचे कौतुक आमच्या भागात घराघरांत आहे. खोपोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६० मीटर, खंडाळा सुमारे ५५० मीटर. रस्ता बारा-एक कि. मी. सरासरी पंचवीसास एक. हे माप आवाक्यातले वाटते. पण सरासरीवर विसंबू नये, कारण शिंग्रोबाच्या देवळाकडील चढ याहून पुष्कळ कडक आहे. द्रुतगती मार्गावर दुचाकीला मनाई आहे. परंतु घाटात काही अंतर जुना रस्ता व तो मार्ग एकत्र येतात, आणि नेमके तेथेच अवजड वाहने दाटीने चालतात. शर्यतीतील स्वाराच्या पुढेमागे गाड्या असतात, बंदोबस्त असतो. सहलीला जाणाऱ्याला यातले काही नसते. शर्यतीचा राजमार्ग म्हणून तो सहलीलाही योग्य, असे समजणे चुकीचे ठरेल.

या चारही उदाहरणांतून एक नियम निघतो. वाटेचा रंग तिच्या सरासरीवरून ठरवू नये, सर्वांत वाईट तुकड्यावरून ठरवावा. आणि गटाची कुवत सर्वांत बळकट माणसावरून न धरता सर्वांत अशक्त माणसावरून धरावी.

उताराचा हिशेब

चढाची भीती सर्वांना वाटते, उताराची कोणालाच वाटत नाही. वास्तविक दमलेला माणूस चढावर थांबतो. उतारावर थांबणे त्याच्या हाती राहीलच असे नाही. शास्त्र शाखेतील एका मित्राकडून मी एक हिशेब करून घेतला. स्वार व सायकल मिळून वजन ९० किलो धरले आणि खंडाळ्याहून खोपोलीपर्यंतची ४९० मीटर उंची उतरली, तर सुमारे ४३० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. एवढ्या उष्णतेत सव्वा लिटर पाणी उकळीला येईल. यांतील काही भाग वारा घेतो. उरलेला ब्रेकच्या दोन-चार रबरांनी आणि चाकाच्या कडांनी सोसायचा असतो.

हे वडिलांना सांगितले तेव्हा ते हसले. आकडा त्यांना नवा होता, गोष्ट जुनी होती. भरलेल्या किटल्या लावून उड्डाणपुलाचा उतार उतरताना ब्रेक सतत दाबून धरायचा नाही, दाबायचा-सोडायचा. पुढचा एकटा कधी आवळायचा नाही. रबर झिजून खाच बुजली की त्याच दिवशी बदलायचे. हे त्यांचे रोजचे शास्त्र आहे. शरदात त्यात आणखी भर घालावी लागते. सावलीच्या वळणावर शेवाळ टिकून असते, पावसाने वाहून आणलेली बारीक खडी रस्त्याच्या कडेला साचलेली असते, आणि खड्डे अजून बुजवलेले नसतात. अशा वळणावर आधीच वेग कमी करावा. वळणात शिरल्यावर ब्रेक आवळला की चाक निसटते.

घाटमाथ्यापलीकडे

येथे सह्याद्रीची रचनाच आपल्या मदतीला येते. या डोंगराची पश्चिम बाजू कोकणात कड्यांनी कोसळते, पूर्व बाजू मात्र दख्खनच्या पठारात हळूहळू मिसळते. लाव्ह्याचे थर एकावर एक आडवे साचल्यामुळे माथ्यावर लांबच लांब सपाटी मिळते. म्हणून लोणावळ्याहून कामशेतपर्यंत इंद्रायणीच्या खोऱ्यातून गेले तरी उंचीत फारसा फरक पडत नाही. पाऊसही पूर्वेकडे झपाट्याने कमी होत जातो, त्यामुळे रस्ते लवकर वाळतात. मग सगळी धडपड घाट चढण्या-उतरण्यात का घालवावी? परदेशात पाळणा जे काम करतो, तेच काम आपल्याकडे बोरघाटाची रेल्वे दीडशेहून अधिक वर्षे करीत आली आहे. सदतिसास एक असा तिचा चढ आहे. तो इंजिनाने चढावा आणि आपण माथ्यावर सायकल चालवावी.

आम्ही निवडले ते पवन मावळ : कामशेत ते पवनानगर, जाऊन-येऊन सुमारे ३० कि. मी. चढउतार आहेत, पण लहान. महामार्ग मागे पडतो. वाटेत बेडसे लेणी आहेत. तेथील विहार मागच्या बाजूने गोलाकार आणि कमानदार छताचा आहे, जो प्रकार विहारांत विरळा. पुढे पवना धरणाचे पाणी, आणि भोवती लोहगड, तुंग व तिकोना. कामशेतला रेल्वे स्टेशन आहे, वस्ती आहे, आणि एका मैत्रिणीचे मामाही तेथेच राहतात. आम्हा मुलींच्या मुक्कामाचा प्रश्न त्यामुळे सुटला. वाटेतल्या कार्ल्याला एकवीरा आईचे दर्शन होईल, हे कळल्यावर आईचीही हरकत उरली नाही.

सायकली नेण्याची व्यवस्था लालबागेतच झाली. मसाल्याची पोती पुण्याला पोचवणारा आमच्या ओळखीचा एक टेम्पो जुन्या महामार्गाने जातो. त्यात सायकली गेल्या. आम्ही दादरहून लोणावळ्यापर्यंत गाडीने आणि पुढे पुण्याच्या लोकलने गेलो. वडिलांपुढे नकाशा, चढांचा तक्ता व हा सगळा बेत ठेवला, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न केला : "धाकटा मध्येच दमला तर?" तक्त्यात त्याचे उत्तर होते. प्रत्येक पाच कि. मी.वर कोणते गाव, आणि तेथून कामशेत किती दूर, हे लिहिले होते. त्यांनी आपली सायकल स्वतः तपासून माझ्या हवाली केली.

भाऊबीजेनंतरच्या शनिवारी सकाळी पावणेसातला आम्ही निघालो. नोव्हेंबरच्या प्रारंभी सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणून दुपारी दोनपर्यंत परत, असा नियम केला होता. दोन्ही बाजूंना भाताची कापणी चालू होती, खळ्यांवर इंद्रायणीचा वास दरवळत होता. लेण्यांच्या पायथ्याशी सायकली ठेवून वर जाऊन आलो. धाकटा एका चढावर उतरला आणि ढकलत वर आला. तो चढ तक्त्यात होता, म्हणून कोणाला नवल वाटले नाही आणि त्यालाही कमीपणा वाटला नाही. दीड वाजता आम्ही कामशेतला परतलो.

उपसंहार

या अभ्यासावरून एक सूचना करावीशी वाटते. आपल्या महाविद्यालयातील बरेच विद्यार्थी दर शरदात डोंगरात जातात, आणि प्रत्येक गट पहिल्यापासून चौकशी सुरू करतो. ज्यांच्या घरी अशा सहलींची परंपरा आहे त्यांना काका-मामा सांगतात. आमच्यासारख्यांना सांगणारे कोणी नसते. भूगोल विभाग व जिमखाना यांनी मिळून मुंबईभोवतालच्या वाटांचा एक नकाशा तयार करावा. त्यावर चढ, वाहतूक, पृष्ठभाग व परतीची सोय यांच्या आधारे हिरवा, निळा, काळा असे रंग द्यावेत, आणि जाऊन आलेल्या प्रत्येक गटाने त्यात दुरुस्ती करावी. कामशेत-पवनानगर वाटेचा आमचा तक्ता मी विभागाकडे दिला आहे. तो हिरव्या व निळ्या रंगाच्या सीमेवर ठेवावा, असे माझे मत आहे. ज्यांना वेगळे वाटेल त्यांनी सायकल घेऊन तपासून पाहावे.