दोरी किती टिकली आणि कशी तुटली
(झीज-चाचणीचा एक पाठ : इयत्ता आठवी ते दहावीसाठी)



आपल्या विद्यालयात तिरंदाजीचा वर्ग सुरू झाल्यापासून दोरीसंबंधीच्या प्रश्नांची आमच्याकडे रीघ लागली आहे. दोरी कधी बदलावी, तिच्या मध्यभागी गुंडाळलेला धागा उसवू लागला तर काय करावे, एकसारख्या दिसणाऱ्या धाग्यांच्या भावात इतकी तफावत का, असे हे प्रश्न आहेत. पालकांचा प्रश्न खर्चाचा आहे. विश्वस्त मंडळाने विचारले आहे, की वर्षाचे साहित्य मागवताना धागा कोणता लिहावा. सर्वांना 'चांगल्यातला आणा' असे सांगून मोकळे होता आले असते. परंतु चांगला कोणता हे ठरवायचे कसे, हा विज्ञानाचा विषय आहे. म्हणून या वेळचा पाठ त्यावरच देत आहोत.

उदाहरण मात्र आम्ही आपल्या साध्या धनुष्याचे न घेता क्रॉसबोचे घेत आहोत. क्रॉसबो म्हणजे बंदुकीसारख्या दस्त्यावर आडवे बसवलेले धनुष्य. दोरी मागे ओढून एका खटक्यात अडकवायची, बाण ठेवायचा आणि चाप दाबायचा. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच काशाचे ओतीव खटके असलेले क्रॉसबो होते. युरोपात त्याची इतकी धास्ती होती, की ११३९ साली रोममधल्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांविरुद्ध ते वापरण्यास मनाई केली. ती कोणी फारशी पाळली नाही, हा भाग वेगळा! आपल्या विद्यालयात क्रॉसबो नाही आणि आम्ही तो आणणारही नाही, कारण ताणलेला क्रॉसबो हातातून खाली ठेवला तरी ताणलेलाच राहतो. पण दोरीची झीज समजून घ्यायची असेल, तर ती जिथे सर्वांत जास्त होते तिथेच पाहावी.

आता दोरीची रचना पाहू. दोरी अनेक बारीक तंतूंची असते. ज्या भागावर घर्षण होते त्या भागावर दुसरा धागा एकाला एक लागून वेढे देत घट्ट गुंडाळतात. क्रिकेटच्या बॅटच्या मुठीवर दोरा गुंडाळलेला तुम्ही पाहिला असेल, तसेच. या गुंडाळीला सर्व्हिंग म्हणतात. मूळ दोरी झिजू नये म्हणून आधी तिने झिजायचे, एवढेच तिचे काम. जुन्या काळी दोरी ताग किंवा जवसाच्या तंतूंची असे आणि मध्यावर तेव्हाही अशीच गुंडाळी असे. म्हणजे युक्ती जुनीच आहे, पदार्थ तेवढे बदलले.

साध्या धनुष्याची दोरी सुटताना बोटांना आणि बाणाच्या खाचेला स्पर्श करते, बाकी हवेतून जाते. क्रॉसबोची दोरी मात्र दस्त्यावरील पट्टीवरून घासत जाते. हिशेब करून पाहा. दोरीचा प्रवास ३५ सेंटिमीटर धरला, तर ओढताना ३५ आणि सुटताना ३५ मिळून एका बाणामागे ७० सेंटिमीटर घर्षण झाले. शंभर बाणांमागे ७० मीटर. शिवाय खटक्याचे आकडे प्रत्येक वेळी त्याच जागी दोरी पकडतात. आजच्या अनेक क्रॉसबोंचा ताण १५० पौंड, म्हणजे सुमारे ६८ किलो असतो. बाण सेकंदाला ९० मीटर वेगाने सुटला असे धरले, तर दोरीचा सरासरी वेग त्याच्या निम्मा, आणि ३५ सेंटिमीटर पार करायला तिला एका सेकंदाचा हजारावा भाग अशा सुमारे ८ भागांइतकाच वेळ लागतो.

मग पट्टी का झिजत नाही, गुंडाळीच का झिजते? याचे उत्तर तुम्हाला संक्रांतीला मिळालेले आहे, फक्त तुम्ही ते विज्ञान म्हणून पाहिले नाही. पतंगाच्या पेचात जो सारखी ढील देत राहतो त्याचा मांजा पुढे सरकत असतो, त्यामुळे घर्षण लांबीभर वाटले जाते. ज्याचा मांजा एका जागी थांबला, त्याच्या एकाच बिंदूवर सारे घर्षण पडते आणि बहुधा तोच कटतो. क्रॉसबोमध्ये पट्टी म्हणजे ढील देणारा मांजा आणि गुंडाळी म्हणजे थांबलेला. पट्टीची झीज ३५ सेंटिमीटरवर पसरते, गुंडाळीची बोटाच्या पेराएवढ्या जागेवर साचते. (इथे सुती मांजा अभिप्रेत आहे. नायलॉन व इतर कृत्रिम मांज्यावर राष्ट्रीय हरित अधिकरणाने २०१७ मध्ये बंदी घातली आहे. ती विद्यालयाच्या गच्चीवरही लागू आहे, हे काही जणांनी ध्यानात घ्यावे.)

दुसरी गोष्ट रेल्वेकडून शिकायची आहे. १८४२ साली पॅरिसजवळ व्हर्सायहून परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा कणा मोडून भीषण अपघात झाला. असे कणे नवे असताना भार सहज पेलत, मग चांगले चाललेले अचानक का मोडत? पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलर या रेल्वे अभियंत्याने वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखवले, की एकदा दिलेला मोठा भार जे करत नाही ते पुनःपुन्हा दिलेला लहान भार करतो. तेव्हा धाग्याच्या वेष्टनावर 'इतके किलो वजन पेलतो' असे छापलेले असले, तरी तो उत्तम टिकेल असे त्यावरून कळत नाही. ते एका झटक्याचे मोजमाप झाले. आपल्याला हवे आहे ते हजार घासण्यांचे.

आता पदार्थांकडे येऊ. बाजारात गुंडाळीसाठी मुख्यतः तीन प्रकारचे धागे मिळतात.

नायलॉनचा पिळाचा धागा स्वस्त, मऊ, दोरीला चांगला धरून बसणारा. त्याचे तंतू लवकर सुटू लागतात, लव निघते. नायलॉन पाणीही शोषतो, त्यामुळे पावसाळ्यात थोडा नरम पडतो.

नायलॉनचाच एकेरी तंतू, म्हणजे मासे धरण्याच्या गळाला असतो तसा, कठीण आणि गुळगुळीत असतो. पण त्यात एकच तंतू असल्यामुळे तो एका जागी कापला गेला की वेढे भराभर उलगडू शकतात.

तिसरा म्हणजे अतिशय लांब रेणूंच्या पॉलिइथिलीनचा विणलेला धागा. डायनीमा किंवा स्पेक्ट्रा या नावांनी हे तंतू ओळखले जातात. पिशवीचे प्लॅस्टिक आणि हा धागा रासायनिकदृष्ट्या एकाच कुळातले, फक्त इथे रेणू फार लांब असून सगळे एका दिशेने ताणून बसवलेले असतात. हा धागा पाण्यापेक्षा हलका आहे, तो तरंगतो. पाणी जवळपास शोषत नाही. घर्षणात फार चिवट. पण त्याच्यात दोन उणिवा आहेत. तो निसरडा असल्यामुळे गुंडाळी सैल झाली तर वेढे सरकून मधली दोरी उघडी पडते. आणि तो सुमारे १५० अंश सेल्सिअसलाच वितळतो. नायलॉन, त्याच्या प्रकारानुसार, २२० ते २६५ अंशांपर्यंत तग धरतो.

या शेवटच्या आकड्यातच चाचणीची मोठी फसगत दडलेली आहे. समजा, आपण मोटर लावून धागा धातूच्या कडेवर मिनिटाला शेकडो वेळा घासला. काम झटपट होईल, पण उष्णताही साचेल, आणि पॉलिइथिलीन झिजण्याऐवजी उष्णतेने नरम पडू शकेल. प्रत्यक्षात मात्र एक बाण सुटतो आणि दुसरा लावेपर्यंत दोरी निवते. म्हणजे घाईच्या चाचणीत चिवट धागा नापास आणि साधा धागा पास, असेही होऊ शकते. म्हणून आपण हातानेच घासणार आहोत. दोन सेकंदांत एक फेरी, आणि दर ५० फेऱ्यांनंतर दोन मिनिटे विश्रांती. कंटाळा येईल. येऊ द्या.

चाचणीची मांडणी अशी. जाड दोरीच्या ३० सेंटिमीटर तुकड्यावर मध्यभागी ८ सेंटिमीटर गुंडाळी करायची. एका टोकाला पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली बांधायची, म्हणजे सुमारे एक किलो वजन झाले. दोरी टेबलाच्या कडेला बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या नळीवरून खाली सोडायची आणि दुसरे टोक धरून पुढेमागे ओढायचे. बाटली जमिनीपासून वीतभरच उंच असावी आणि खाली वाळूची पाटी ठेवावी. डोळ्यांना चष्मा आवश्यक. ताणलेल्या धनुष्यावर ही चाचणी कोणीही, कोणत्याही कारणाने करायची नाही. झिजलेली दोरी धनुष्यावर तुटली तर साठलेली सारी ऊर्जा धनुष्याच्या पात्यांत परत जाते, पाते फुटते आणि तुकडे उडतात. आम्ही हा सर्व खटाटोप करतो आहोत तो मुलांच्या डोळ्यांसाठी आणि बोटांसाठी.

प्रत्येक धाग्याचे पाच नमुने करावेत. सर्वांची गुंडाळी एकाच विद्यार्थ्याने करावी, कारण हाताचा ताण बदलला की टिकाऊपणा बदलतो. धाग्याची जाडीही सारखी हवी. नमुन्यांना क, ख, ग अशी अक्षरे द्यावीत आणि मोजणाऱ्याला कोणते अक्षर कोणत्या धाग्याचे हे सांगू नये. महाग धागा कोणता हे माहीत असले, की डोळे त्याच्याकडे थोडे दयेने पाहतात. हा माणसाचा स्वभाव आहे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जिच्यासाठी हा पाठ लिहायला घेतला. 'धागा संपला' म्हणजे नेमके काय, हे पहिली फेरी घासण्यापूर्वी वहीत लिहून काढायचे. नाही तर प्रत्येक जण आपल्या सोयीने ठरवतो. आणि एकच क्षण टिपून भागत नाही. प्रत्येक नमुन्यासाठी चार वेळा फेरी-क्रमांक लिहावा : पहिली लव दिसली तेव्हा, पहिला वेढा तुटला तेव्हा, वेढे एक मिलिमीटर सरकले तेव्हा, आणि आतली दोरी दिसली तेव्हा.

चार आकडे कशासाठी? समजा (हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत), क धाग्याला ४०० फेऱ्यांवर लव आली आणि आतली दोरी ९०० वर दिसली. ख धागा १,१०० पर्यंत अगदी नवा दिसत होता आणि १,१२० वर वेढे सरकून दोरी उघडी पडली. ख जास्त टिकला यात शंका नाही. जाहिरातीत त्याचाच आकडा येईल. पण क धाग्याने ५०० फेऱ्या आधी सूचना दिली, ख ने केवळ २० फेऱ्या आधी. बारा वर्षांचे मूल रोज सरावाला येते, घाईत असते, दोरी तपासायला विसरते. त्याच्या हातात आम्ही क देऊ. स्पर्धेला जाणाऱ्या, प्रत्येक फेरीपूर्वी दोरी पाहणाऱ्या मोठ्या मुलाला ख देता येईल. म्हणून विश्वस्त मंडळाच्या प्रश्नाला एका धाग्याचे नाव हे उत्तर होऊ शकत नाही, आणि कनिष्ठ वर्गासाठी महाग धागाच हवा असेही नाही.

सरासरीबद्दल थोडे. एका धाग्याचे तीन नमुने ९००, १,००० आणि १,१०० फेऱ्या टिकले, दुसऱ्याचे ३००, १,००० आणि १,७००. दोघांची सरासरी एकच. पण दुसऱ्याच्या बाबतीत तुमच्या वाट्याला ३०० वाला तुकडा येणार की १,७०० वाला, हे कोण सांगणार? तक्त्यात सरासरीशेजारी सर्वांत कमी आकडा वेगळ्या शाईने लिहा. दोरी बदलण्याचा नियम त्या कमी आकड्यावरून ठरवायचा असतो.

धूळ विसरू नका. मैदानावरची बारीक वाळू पट्टीवर बसली की ती पॉलिश कागदाचे काम करते. क्रॉसबोच्या पट्टीला वंगण लावतात, पण थेंबभरच. जास्त लावले तर ते धूळ धरते आणि खटक्यातही उतरते. आपल्या चाचणीत प्रत्येक धाग्याचे दोन जादा नमुने नळीवर चिमूटभर धूळ टाकून आणि दोन रात्रभर पाण्यात भिजवून घासावेत. नायलॉन आणि पॉलिइथिलीन यांच्यातला फरक भिजलेल्या नमुन्यांत कसा दिसतो, याकडे विशेष लक्ष द्यावे.

पालकांना एक विनंती. घरी धनुष्य असलेल्या मुलांची दोरी आठवड्यातून एकदा उजेडात धरून आपण स्वतः पाहावी. गुंडाळीच्या वेढ्यांमध्ये फट दिसली, किंवा बोटाने ढकलल्यावर वेढे हलले, तर ते धनुष्य त्या दिवशी वापरू न देता वर्गशिक्षकांकडे पाठवावे. गुंडाळी नव्याने करून देण्याची सोय विद्यालयात आहे, तिचे वेगळे शुल्क नाही.

गटागटाने चाचणी शनिवारी मधल्या सुट्टीनंतर प्रयोगशाळेत होईल. प्रत्येक गटात चार विद्यार्थी असतील : एक ओढणारा, एक मोजणारा, एक भिंगातून पाहणारा आणि एक लिहिणारा. दर १०० फेऱ्यांनंतर कामे बदलावीत, गुंडाळी करणारा मात्र शेवटपर्यंत तोच राहील. तक्ते पूर्ण झाल्यावर अक्षरांची पाकिटे सर्वांसमक्ष उघडली जातील.