‘ओरली’ म्हणजे तोंडी, पण कोणते तोंडी?



गेल्या पावसाळ्यात अमळनेरजवळच्या एका भिलाटीत आम्ही खरजेचे लोशन वाटले. अंगाला लावायचे, हे सांगितले; पण रांग मोठी होती आणि मी घाईत सांगितले. संध्याकाळी एक माउली बाटली घेऊन आली. विचारू लागली, “पोराले किती चमचे पाजू?”

तिच्या आठवीतल्या मुलाने बाटलीवरचे इंग्रजी वाचले होते: ‘नॉट टू बी टेकन ओरली’. ‘ओरली’ला तो ‘अर्ली’ समजला, म्हणजे लवकर. म्हणून सकाळी द्यायचे नाही, रात्री पाजायचे! ती विचारायला आली नसती तर काय झाले असते, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही. मुलाची चूक मी मानत नाही.

‘ओरल’ हा शब्द लॅटिन ‘ओस’वरून आला. त्याचा अर्थ तोंड. औषधावर ‘ओरली’ असेल तर तोंडाने, पोटात घ्यायचे. जुलाबात देतो त्या ‘ओआरएस’मधला ‘ओ’ हाच. बोलण्याच्या संदर्भात मात्र ‘ओरली’ म्हणजे न लिहिता, तोंडी. आपल्या मराठीत ‘तोंडी परीक्षा’ चालते, ‘तोंडी लावायला’ ठेचाही चालतो, पण ‘औषध तोंडी घ्या’ म्हटले तर भिलाटीत कोणाला कळणार? तिथे ‘पिण्याचे’ आणि ‘लावण्याचे’ हेच शब्द. ‘व्हर्बली’ हा शेजारचा शब्द. त्याचे मूळ ‘शब्द’ असे आहे, तोंड नव्हे. त्यामुळे औषध कधीच ‘व्हर्बली’ घेतले जात नाही.

बोलण्याच्या ‘तोंडी’ला आपण हलके समजतो. पण वनहक्क कायद्याच्या 2008 च्या नियमांत, नियम 13 प्रमाणे, दावेदार सोडून गावातील वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदन पुरावा म्हणून चालते. चोपडा, यावलकडच्या सातपुड्यात ज्यांच्याकडे एकही कागद नाही, त्यांना याचा मोठा आधार. मात्र लिहून झाल्यावर ते म्हाताऱ्याला त्याच्या बोलीत वाचून दाखवा, मगच अंगठा घ्या.

योहानाच्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी कागद आणि शाई बाजूला ठेवून समक्ष बोलायची इच्छा आहे. तिथे मूळ ग्रीकमध्ये शब्दशः ‘तोंडाशी तोंड’ असेच आहे. हे मी डिप्लोमाच्या वर्गात शिकलो होतो, वापरले नव्हते.

आता प्रत्येक लोशनच्या बाटलीवर आम्ही मार्करने तोंडाचे चित्र काढून त्यावर फुली मारतो. आणि बाटली देताना तिलाच विचारतो, “सांग, याचे काय करशील?”