जपानांतील बर्फाच्या गांवीं जातांना



भूगोलाच्या तासाला जपानचा नकाशा आपण पुष्कळदां पाहतों. परंतु त्या देशाच्या पश्चिमेकडील डोंगरांत हिवाळ्यांत माणसाच्या उंचीहून अधिक बर्फ साचतें, हें नकाशावरून कळत नाहीं. गेल्या हिवाळ्यांत तें प्रत्यक्ष पाहण्याचा योग मला आला. माझा एक माजी विद्यार्थी तोकियो येथें नोकरीस आहे. त्यानें आग्रहानें बोलाविलें, आणि आम्ही दोघे नागानो प्रांतांतील नोझावा ओन्सेन या गांवीं चार दिवस राहिलों. तुमच्यापैकीं कित्येक जण पुढें शिक्षणास किंवा नोकरीस त्या देशीं जातील. त्या वेळीं उपयोगीं पडाव्यात म्हणून कांहीं गोष्टी येथें क्रमानें सांगतों.

१. बर्फ आणि खेळ

सैबेरियांतून निघालेला थंड व कोरडा वारा जपानच्या समुद्रावरून वाहत येतो. त्या समुद्राचें पाणी वाऱ्याच्या मानानें उबदार असल्यामुळें वारा वाटेंत बाष्प शोषून घेतो. पुढें डोंगराला अडून तो वर चढला, कीं तेंच बाष्प बर्फ होऊन खालीं येतें. आपला सह्याद्रि नैर्ऋत्येच्या वाऱ्यांना अडवून कोंकणांत पाऊस पाडतो, तशांतलाच हा प्रकार होय.

पायांना लांब पट्ट्या बांधून या बर्फावरून घसरत जाण्याच्या खेळास स्की म्हणतात. ऑस्ट्रियाच्या सैन्यांतील मेजर थिओडोर फॉन लेर्ख यानें १९११ च्या जानेवारींत ताकादा येथें जपानी सैनिकांस ही विद्या शिकविली. पुढें साप्पोरो येथें १९७२ सालीं व नागानो येथें १९९८ सालीं हिवाळी ऑलिंपिक सामने झाले, एवढी तिची वाढ झाली.

२. प्रवासाची तयारी

भारतीय नागरिकानें व्हिसा आधींच काढावा. विमा उतरवितांना स्कीच्या खेळांतील दुखापत त्यांत धरली आहे काय, हें वाचून पाहावें. तोकियोहून इइयामापर्यंत शिंकान्सेन ही शीघ्रगामी आगगाडी सुमारें पावणेदोन तासांत पोंचविते. तेथून गांवाला बस जाते. गाडींत फोनवर बोलणें असभ्य समजतात. मोठी पेटी ओढीत नेण्याचें कारण नाहीं. ताक्क्यूबिन नांवाच्या व्यवस्थेनें ती दोन दिवस आधीं मुक्कामाच्या पत्त्यावर धाडावी व हातीं लहान पिशवी ठेवावी.

अंगालगत सुती कपडा घालूं नये. तो घामानें भिजतो आणि मग थंडी हाडांपर्यंत जाते. लोकरीची बंडी व मोजे, वर पाणी न शिरणारा अंगरखा, हातमोजे व डोळ्यांना बर्फाच्या तिरिपेपासून वांचविणारा चष्मा एवढें असावें. पट्ट्या, जोडे व शिरस्त्राण तेथें भाड्यानें मिळतात. लहान दुकानांसाठीं कांहीं रोख येन जवळ बाळगावेत. बक्षिशी मात्र कोणासहि देऊं नये. ती तेथें घेत नाहींत.

३. घरांत आणि पंगतींत

दारांतच जोडे काढावेत. पुढें सपाता मिळतात; परंतु तातामी म्हणजे गवती चटयांच्या खोलींत त्याहि काढाव्या लागतात, आणि शौचगृहाच्या सपाता निराळ्या असून त्या तेथेंच सोडावयाच्या असतात. युकाता हा घरगुती झगा घालतांना डावा पदर उजव्यावर यावा. याच्या उलट पद्धत मृताला वस्त्र नेसवितांना पाळतात. भातांत चोपकाठ्या उभ्या खोंचणें, किंवा एकाच्या काठ्यांतून दुसऱ्याच्या काठ्यांत घांस देणें, यांचाहि संबंध अंत्यविधीशीं आहे. म्हणून तें टाळावें.

भोजनाची वेळ ठरलेली असते; उशीर होणार असल्यास कळवावें. शाकाहारी माणसानें खोली ठरवितांनाच तसें लिहावें, कारण साध्या दिसणाऱ्या सारांतहि बहुधा माशाचा अर्क असतो. नोझावाना ही पालेभाजी व तिचें लोणचें हें त्या गांवचें भूषण होय.

४. स्नानगृहांत

नोझावा गांवांत ऊन झऱ्यांचीं तेरा सार्वजनिक स्नानगृहें आहेत. तीं कोणा व्यापाऱ्याचीं नसून गांवकऱ्यांच्या मंडळ्या तीं पाळीपाळीनें झाडतात, पुसतात व राखतात. परक्यासहि तेथें मुक्तद्वार आहे. दारापाशीं पेटी असते, तींत यथाशक्ति नाणें टाकावें.

स्त्रीपुरुषांचे विभाग निराळे असतात. सर्व वस्त्रें काढूनच आंत जावें लागतें; याचा आपणांस प्रथम संकोच वाटतो, पण तेथें कोणी कोणाकडे पाहत नाहीं. कुंडाबाहेर बसून अंग स्वच्छ धुवावें, साबण पुरता निघून गेल्यावरच पाण्यांत उतरावें. पाणी फार कढत असतें, म्हणून हळूहळू उतरावें. पंचा पाण्यांत बुडवूं नये. मीं अज्ञानानें तो बुडविला. समोरचे एक वृद्ध गृहस्थ कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं आपल्या डोक्यावरील घडी केलेल्या पंचाकडे बोट दाखविलें व स्मित केलें. इतक्या सौम्यपणें चूक दाखविण्याची कला आम्हां शिक्षकांनीं शिकण्यासारखी आहे.

५. डोंगरावर

सोप्या उतारांस हिरवी, मध्यम उतारांस तांबडी व कठीण उतारांस काळी खूण असते. नवख्यानें पहिले दोन दिवस शिक्षकापाशीं घालवावेत. पुढच्या माणसास वाटेचा अधिकार असतो. त्याला टाळण्याची जबाबदारी मागून येणाऱ्याची. थांबावयाचें तर कडेला थांबावें. उंचवट्याच्या खालीं, वरून न दिसणाऱ्या जागीं थांबूं नये. पडल्यास लवकर बाजूला व्हावें. आणि बंदीची दोरी केव्हांहि ओलांडूं नये.

हा शेवटचा नियम मला कसा कळला, तें सांगतों. तिसऱ्या दिवशीं रात्रभर बर्फ पडून सकाळीं ऊन पडलें होतें. दोरीच्या पलीकडे अस्पर्श पांढरा उतार चमकत होता, आणि आधीं कोणी तरी गेल्याच्या दोन रेघाहि दिसत होत्या. पांचपंचवीस पावलें जाऊन एक छायाचित्र काढावें, म्हणून मीं दोरी उचलली. माझ्या विद्यार्थ्यानें माझा दंड धरला.

“सर, आम्ही शाळेचें कुंपण ओलांडलें, तर आपण काय करीत होतां?”

मी म्हणालों, “अरे, दोन माणसें गेलेलीं दिसतात ना?”

“तीं परत आलीं कीं नाहीं, तें रेघांवरून दिसत नाहीं, सर. आणि आपणांस शोधावयास जे येतील, त्यांच्याहि जिवाची आपणच हमी घेणार काय?”

मीं दोरी खालीं सोडली.

त्या रात्रीं त्यानें मला नासु येथील वृत्तांत सांगितला. २७ मार्च २०१७ रोजीं तोचिगी प्रांतांत हायस्कुलांतील मुलांचा गिर्यारोहणाचा वर्ग चालू होता. नवें बर्फ पडल्यामुळें शिखराचा बेत रहित झाला. परंतु स्कीच्या मैदानाजवळील उतारावर खोल बर्फांतून चालण्याचा सराव करावा, असें शिक्षकांनीं ठरविलें. बर्फाचा लोट कोसळला आणि सात विद्यार्थी व एक शिक्षक प्राणांस मुकले. तीं मुलें उनाड नव्हतीं. तीं आज्ञाधारकपणें शिक्षकांच्या मागें गेलीं होतीं. हें ऐकून मला बराच वेळ झोंप आली नाहीं. ज्याच्या मागें मुलें चालतात, त्यानें आपलें पाऊल कोठें पडतें हें किती जपून पाहिलें पाहिजे!

मित्रहो, परदेशचे शिष्टाचार पाठ करणें फार कठीण नाहीं. जोडे कोठें काढावेत, पंचा कोठें ठेवावा, हें चार दिवसांत साधतें. परंतु या सर्व नियमांच्या मुळाशीं एकच गोष्ट आहे: आपल्या सुखासाठीं दुसऱ्याचें पाणी, दुसऱ्याची वाट किंवा दुसऱ्याचा जीव आपण खर्चीं घालूं नये. एवढें ध्यानांत धरून जाल, तर एखादा नियम चुकला तरी तेथील लोक हंसून सांभाळून घेतील. आणि दोरीपाशीं तुमचा कोणी वडीलधारा चुकूं लागला, तर नम्रपणें त्याचा दंड धरण्यास भिऊं नका. माझ्या विद्यार्थ्यानें तो धरला, याबद्दल मी त्याचा ऋणी आहें.