रेटिंग आधी की नेमणूक आधी?



व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, म्हणजे ज्याला सर्रास सीपीएल म्हणतात तो, हाती येताच स्वतःच्या पैशाने टाइप रेटिंग करून घ्यावे काय, असा प्रश्न चिरंजीव भाच्याने विचारला आहे. आणि अमरावती-अकोल्याकडच्या शेतकरी व नोकरदार घरांतूनही आता मुले-मुली या व्यवसायाकडे वळू लागल्यामुळे त्याचे उत्तर जरा विस्ताराने देणे योग्य ठरेल.

सीपीएलसाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते आणि त्यातील बहुतेक तास सेस्ना १७२ सारख्या, सुमारे अकराशे किलो वजनाच्या, एका इंजिनाच्या विमानावर होतात. प्रवासी वाहतुकीचे एअरबस ए-३२० हे विमान मात्र सत्तर टनांहून अधिक वजन घेऊन उडते, त्याची यंत्रणा निराळी असते आणि ते दोन वैमानिकांनी मिळून चालवायचे असते; म्हणून अशा प्रत्येक जातीच्या विमानासाठी स्वतंत्र प्रशिक्षण घेऊन परवान्यावर तशी नोंद करून घ्यावी लागते, आणि या नोंदीलाच टाइप रेटिंग असे नाव आहे. ए-३१९, ए-३२० व ए-३२१ ही एका कुटुंबातली विमाने एकाच रेटिंगखाली येतात, परंतु त्या रेटिंगवर बोइंग ७३७ चालवता येत नाही, आणि ७३७ च्या रेटिंगवर एटीआर ७२ चालवता येत नाही. खर्च संस्थेनुसार बदलत असला, तरी तो दहा लाखांच्या वरच जातो, आणि सीपीएलसाठी घेतलेल्या शैक्षणिक कर्जाचे व्याज तोवर सुरू झालेलेच असते.

या प्रशिक्षणाचे टप्पे नीट पाहिले, म्हणजे प्रश्नाचे निम्मे उत्तर तेथेच मिळते. प्रथम वर्गात विमानाच्या यंत्रणांचा अभ्यास, नंतर सिम्युलेटरवर, म्हणजे हुबेहूब कॉकपिट असलेल्या हलत्या यंत्रावर, सराव आणि चाचणी, एवढा भाग पैसे भरून कोणालाही करता येतो. परंतु पुढे प्रत्यक्ष विमानावर उड्डाण व अवतरण करून दाखवण्याचा भाग येतो, आणि त्यानंतर प्रशिक्षक कॅप्टनच्या देखरेखीखाली प्रवासी विमानात काम करण्याचा, ज्याला लाइन ट्रेनिंग म्हणतात. विमान, प्रवासी आणि प्रशिक्षक कॅप्टन ही तिन्ही विमान कंपनीकडेच असतात. त्यामुळे नेमणुकीविना घेतलेले रेटिंग अर्ध्यावरच थांबते, आणि सराव नसला की सिम्युलेटरवरचा हात लवकर सुटत असल्याने वर्षभराने उजळणीसाठी पुन्हा खिशात हात घालावा लागतो.

दुसरी अडचण अशी की विमानाची निवड कंपनी करते आणि तिची जोखीम मात्र रेटिंग विकत घेणारा उचलतो. जेट एअरवेजच्या ताफ्याचा कणा बोइंग ७३७ हा होता. १७ एप्रिल २०१९ रोजी त्या कंपनीची उड्डाणे थांबली, तेव्हा त्या विमानावर हजारो तास केलेले वैमानिक एकाएकी बाजारात आले. शिवाय त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ७३७ मॅक्स जगभर जमिनीवर उतरवले गेले होते. अशा वेळी परवान्यावर ७३७ ची नोंद असलेला, पण त्यावर एकही प्रवासी उड्डाण न केलेला नवखा मुलगा रांगेत कोठे उभा राहणार, हे सांगण्याची गरज नाही. एअरबसची वाट सुरक्षित आहे असे मानणाऱ्यांनी गो फर्स्ट आठवावी: ए-३२० जातीचीच विमाने असलेली ही कंपनी इंजिनांच्या अडचणींचे कारण देत मे २०२३ मध्ये बंद पडली. त्याच वर्षी इंडिगोने ५०० आणि एअर इंडियाने ४७० विमानांच्या मागण्या नोंदवल्या हे खरे आहे, आणि प्रशिक्षण संस्थांच्या जाहिराती याच आकड्यांवर चालतात. पण विमाने वर्षानुवर्षे टप्प्याटप्प्याने येतात, आणि कर्जाचा हप्ता दरमहा येतो.

अमरावतीजवळच्या बेलोऱ्याच्या विमानतळामुळे वऱ्हाडातील पालकांचा उत्साह वाढला आहे, आणि तो समजण्यासारखा आहे. तेथे १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची नियमित सेवा सुरू झाली, आणि एअर इंडियाने तेथेच वर्षाला १८० वैमानिक घडवण्याच्या उद्देशाने प्रशिक्षण संस्था उभारण्याचे ठरवून ३४ प्रशिक्षण विमानांची मागणी नोंदवली, त्यांपैकी ३१ एका इंजिनाची व ३ दोन इंजिनांची. (अकोल्याच्या शिवणीची धावपट्टी वाढवण्याची चर्चा मात्र कृषी विद्यापीठाच्या जमिनीपाशी अडते, सुटते आणि पुन्हा अडते.) चिरंजीवाने येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. घराजवळ संस्था असणे आणि त्या संस्थेतून नोकरी मिळणे या भिन्न बाबी आहेत. आणि मुंबईहून बेलोऱ्याला आलेले पहिले नियमित विमान अलायन्स एअरचे एटीआर ७२ होते, ए-३२० नव्हे. आरंभीची नोकरी अशा पंख्याच्या विमानावर मिळाली, तर ज्याने आधीच ए-३२० चे पैसे भरले त्याचे ते पैसे पडून राहतील.

मग पैसे कशावर खर्च करावेत? दोन इंजिनांच्या विमानाचे आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेरचे काही दिसत नसताना केवळ उपकरणांवर विमान चालवण्याची पात्रता, विमान कंपन्या गृहीतच धरतात. ती मिळवावी आणि तिची मुदत संपू देऊ नये. एटीपीएल, म्हणजे कॅप्टनपदासाठीचा परवाना, १५०० तास झाल्याशिवाय मिळत नसला, तरी त्याच्या लेखी परीक्षा आधी देता येतात, आणि त्यांचा खर्च तुलनेने किरकोळ आहे. यापेक्षाही मामाला महत्त्वाचे वाटते ते सहायक प्रशिक्षकाचे रेटिंग: पगार बेताचा असतो, पण उड्डाणाचे तास वाढतात, ते दुसऱ्याच्या खर्चाने वाढतात, आणि शिकवताना स्वतःच्या चुका जितक्या उघड्या पडतात तितक्या एरवी पडत नाहीत.

टाइप रेटिंग स्वतःच्या पैशाने करणे सर्वस्वी चूक आहे, असे यातून समजू नये. कंपनीची लेखी परीक्षा, मानसचाचणी व मुलाखत उत्तीर्ण झाल्यावर तिनेच ठरवलेल्या विमानाचे रेटिंग उमेदवाराच्या खर्चाने करून घेण्याची प्रथा आहे, आणि तेथे नकार देणे शहाणपणाचे होणार नाही. तथापि ‘निवड झाली’ आणि ‘जागा रिकामी झाल्यास विचार केला जाईल’ या दोन वाक्यांतील अंतर लाखो रुपयांचे असू शकते. म्हणून पत्रात रुजू होण्याचा कालावधी, प्रत्यक्ष विमानावरील अवतरणांचा खर्च कोणाचा, बॉण्ड किती वर्षांचा व किती रकमेचा, आणि कंपनीने माघार घेतल्यास परतावा किती, हे स्पष्ट लिहिलेले असावे. परदेशातील स्वस्त अभ्यासक्रमाबाबत त्या संस्थेला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, मान्यता आहे की नाही हे दलालाला न विचारता स्वतः तपासावे.

असे पत्र हाती आल्यास त्याची प्रत मामाकडे पाठवावी. तोवर अकोल्याच्या वावराच्या सातबाऱ्यावर दुसरा बोजा चढवू नये, असे चिरंजीवाच्या आईलाही वेगळ्या पत्राने कळवले आहे.