फार्मव्हिलची मुले

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे व्हर्जिनिया नावाचे राज्य आहे. त्यातील प्रिन्स एडवर्ड परगण्यात फार्मव्हिल हे एक लहानसे गाव आहे. १९५१ साली त्याच्या सभोवार तंबाखूची शेते आणि राने पसरलेली होती. मध्ये छोटीशी बाजारपेठ, न्यायकचेरी आणि प्रार्थनामंदिरे होती. बाहेरच्या जगाने दखल घ्यावी असे तेथे सहसा काही घडत नसे. परंतु त्या वर्षी गावातील एका माध्यमिक शाळेच्या विद्यार्थ्यांनी असे काही केले, की त्याचे पडसाद त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्या मुलांच्या शाळा निराळ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या निराळ्या असत. ही वाटणी नुसत्या रूढीने चालत आलेली नव्हती. ती कायद्यानेच घालून दिली होती. दोन्ही वर्णांच्या लोकांसाठी सोयी समान असतील तर त्या वेगवेगळ्या ठेवण्यास हरकत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १८९६ साली दिला होता. कागदावर हे वाक्य मोठे न्याय्य दिसते. प्रत्यक्षात त्यातील 'वेगवेगळ्या' हा शब्द कसोशीने पाळला जाई आणि 'समान' या शब्दाकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे.

फार्मव्हिलमधील कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेचे नाव रॉबर्ट रुसा मोटन विद्यालय असे होते. १९३९ साली तिची विटांची एकमजली इमारत बांधली, तेव्हा तीत १८० विद्यार्थी बसतील असा हिशेब धरलेला होता. दहा-बारा वर्षांत ही संख्या ४५० वर गेली. सभागृहात एकाच वेळी दोन-तीन वर्ग भरू लागले. एखादा वर्ग तर आवारात उभ्या असलेल्या बसगाडीत भरे. पालकांनी नव्या इमारतीची मागणी केली. तेव्हा शाळामंडळाने लाकडी सांगाडे उभारून त्यांवर डांबर फासलेला जाड कागद ठोकून दिला आणि हे तात्पुरते वर्ग आहेत असे सांगितले. रस्त्याने जाणाऱ्या परक्या माणसाला ती कोंबड्यांची खुराडी वाटत. पावसात त्यांची छपरे गळत. हिवाळ्यात वर्गात लाकडाची शेगडी पेटवावी लागे. तिच्याजवळ बसलेले मूल उकडून निघे आणि दूर बसलेले मूल अंगात जाड कोट घालून कुडकुडत लिही. इतिहासाचे शिक्षक सकाळी मुलांची बस चालवीत, मग शेगड्या पेटवीत आणि त्यानंतर शिकवावयास उभे राहत. शाळेला व्यायामशाळा नव्हती, उपाहारगृह नव्हते, प्रयोगशाळा नव्हती. गावातील गोऱ्या मुलांच्या शाळेत हे सारे होते. त्या शाळेला नकोशा झालेल्या जुन्या बसगाड्या मोटन विद्यालयाच्या वाट्याला येत.

मुख्याध्यापक बॉइड जोन्स आणि पालक-शिक्षक संघाचे अध्यक्ष रेव्हरंड फ्रान्सिस ग्रिफिन यांनी शाळामंडळाकडे वारंवार खेटे घातले. दर वेळी आश्वासन मिळे आणि दर वेळी ते पुढच्या बैठकीवर जाई.

या शाळेत बार्बारा जॉन्स नावाची मुलगी शिकत होती. ती सोळा वर्षांची होती. तिचे घर गावाबाहेर शेतावर होते. भावंडांत ती थोरली, तेव्हा धाकट्यांना तयार करून शाळेच्या बसपर्यंत नेण्याचे काम तिच्याकडे असे. स्वभावाने ती अबोल. पण वाचनाची तिला विलक्षण आवड. तिचे चुलते व्हर्नन जॉन्स हे निर्भीड धर्मोपदेशक होते. त्यांच्या ग्रंथसंग्रहातील पुस्तके ती वाची आणि त्यांची परखड भाषा ऐके. शाळेच्या गायकवृंदाबरोबर आणि विद्यार्थी-मंडळाच्या कामासाठी बाहेरगावी जाण्याचे प्रसंग येत, तेव्हा इतर शाळा कशा असतात हे तिच्या दृष्टीस पडे. आपल्या शाळेत आल्यावर तिला ती कागदी खोपटी अधिकच बोचत.

एकदा संगीताच्या शिक्षिका डेव्हनपोर्टबाई यांच्यापाशी तिने मन मोकळे केले. शाळेच्या दुर्दशेचा आपल्याला वीट आला आहे, असे ती म्हणाली. बाईंनी शांतपणे विचारले, की मग तूच त्याबद्दल काही का करीत नाहीस? बार्बाराला प्रथम वाटले, की बाईंनी आपले बोलणे उडवून लावले. ती हिरमुसली होऊन परतली. परंतु तो प्रश्न काही तिच्या मनातून जाईना.

त्यानंतर एके दिवशी सकाळी धाकट्या भावंडांना घाईघाईने पुढे पाठवून ती स्वतःचा विसरलेला डबा आणण्यासाठी घरी गेली. तेवढ्यात बस निघून गेली. कोणी आपल्याला गाडीत घेईल या आशेने ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. थोड्या वेळाने गोऱ्या मुलांच्या शाळेची बस तिच्यासमोरून गेली. ती अर्धी रिकामी होती. त्या बसमध्ये बसण्याचा बार्बाराला अधिकार नव्हता. आपण काहीतरी करावयाचेच, असे तिने त्या दिवशी ठरविले.

येथून पुढे तिने जे केले ते मला तिच्या धैर्याइतकेच महत्त्वाचे वाटते. रागाच्या भरात उठून तिने आरडाओरडा केला नाही. आधी तिने माणसे जोडली. कॅरी स्टोक्स ही विद्यार्थी-मंडळाची अध्यक्ष होती. तिला आणि तिचा जुळा भाऊ जॉन याला बार्बाराने विश्वासात घेतले. शाळेत ज्यांच्या शब्दाला मान आहे आणि ज्यांच्या पोटात गोष्ट राहते अशी आणखी मुले एकेक करून निवडली. मैदानाच्या कडेला प्रेक्षकांसाठी बाके होती, तेथे ती सारी जमत. मोठी माणसे वर्षानुवर्षे अर्ज करून थकली आहेत, आपण काय केल्याने मंडळाला उत्तर देणे भाग पडेल, असा प्रश्न त्यांच्यापुढे होता. शाळा आपल्यासाठी आहे. आपणच तीत पाऊल टाकले नाही तर? १९५० च्या हिवाळ्यापासून पुढच्या एप्रिलपर्यंत ही मसलत चालली होती. परंतु बार्बाराची धाकटी बहीण जोन हिलासुद्धा तिचा मागमूस लागला नाही.

२३ एप्रिल १९५१ रोजी सकाळी अकराच्या सुमारास मुख्याध्यापकांना दूरध्वनी आला. शाळेतील काही मुले बसस्थानकावर पोलिसांच्या हाती सापडली आहेत, असे कोणी सांगत होते. जोन्स लगबगीने निघाले. ते गेल्यावर प्रत्येक वर्गात एक चिठ्ठी पोहोचली. विद्यार्थ्यांनी ताबडतोब सभागृहात जमावे, असे तीत लिहिले होते आणि खाली मुख्याध्यापकांच्या सहीचे अक्षर होते. दूरध्वनी खोटा होता आणि चिठ्ठ्याही मुलांनीच लिहिलेल्या होत्या. ही लबाडी होती, हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. मुलांना ती गौरवाची वाटली असेल असेही मला वाटत नाही. आपल्या मुख्याध्यापकांवर ठपका येऊ नये, त्यांना खरोखरच काही ठाऊक नसावे, यासाठी त्यांनी हा मार्ग पत्करला होता. त्याचा उपयोग किती झाला ते पुढे येईलच.

साडेचारशे मुले सभागृहात जमली. पडदा सरकला तेव्हा व्यासपीठावर मुख्याध्यापकांच्या जागी बार्बारा उभी होती. जोन आपल्या जागी भीतीने गोठून गेली. शिक्षकांनी कृपा करून बाहेर जावे, ही सभा विद्यार्थ्यांची आहे, असे बार्बाराने सांगितले. काही शिक्षक हरकत घेऊ लागले, तेव्हा तिने पायातला बूट काढून बाकावर आपटला. मग ती बोलू लागली. तिने नवे काहीच सांगितले नाही. गळणारी छपरे, शेगड्या, जुन्या बसगाड्या, मंडळाची आश्वासने. यातील प्रत्येक गोष्ट समोरच्या प्रत्येक मुलाला ठाऊक होती. परंतु ती सर्वांच्या देखत मोठ्याने कोणी बोलले नव्हते. आपल्याला तुरुंगात टाकतील, अशी शंका निघाली तेव्हा, फार्मव्हिलचा तुरुंग आपणा सर्वांना पुरेल एवढा मोठा नाही, असे उत्तर तिने दिले. मुले उठली आणि शाळेबाहेर पडली.

परत आलेल्या मुख्याध्यापकांनी मुलांना पुष्कळ समजावले. मुले ऐकेनात. त्यांनी फलक आधीच करून ठेवले होते. ती शिस्तीने आवारात उभी राहिली. कोठे दगडफेक नाही, नासधूस नाही. आईबापांची परवानगी घ्यावी की नाही, असा पेच पडला तेव्हा त्यांनी रेव्हरंड ग्रिफिन यांना विचारले. त्यांनी निर्णय दिला नाही. मत घ्या, एवढेच सांगितले. मतदान झाले आणि परवानगी न मागण्याचे ठरले.

बार्बारा व कॅरी यांनी त्याच दिवशी रिचमंड शहरातील ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन या दोन वकिलांना पत्र पाठविले. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या एका राष्ट्रीय संस्थेचे ते वकील होते. दोनच दिवसांनी ते फार्मव्हिलला आले ते मुलांना शाळेत परत जा असे सांगण्याच्या हेतूने. परंतु मुलांशी बोलल्यावर त्यांचा विचार पालटला. मात्र त्यांनी एक अडचण मांडली. त्यांची संस्था यापुढे नुसती नवी इमारत मागण्यासाठी न्यायालयात जाणार नव्हती. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणे हेच अन्यायाचे आहे, असे म्हणण्याची तयारी असेल तरच ते दावा चालविणार होते.

मुलांनी तर केवळ चांगली शाळा मागितली होती. आता मागणी एकदम कितीतरी मोठी झाली आणि तिच्याबरोबर धोकाही. ३ मे रोजी प्रार्थनामंदिरात मोठी सभा भरली. नवी इमारत मागणे ठीक आहे, पण एकत्र शाळेची मागणी आपल्याला झेपणार नाही, असे मोटन विद्यालयाच्याच एका माजी मुख्याध्यापकांनी स्पष्टपणे मांडले. त्यांचा विरोध बार्बाराने तीव्र शब्दांत खोडून काढला. तिचे शब्द कठोर होते. त्या गृहस्थांनी परगण्यातील माणसे ओळखली होती आणि त्यांची भीती खोटी नव्हती, हे पुढील काळाने दाखविले. तरीही सभेचा कौल मुलांच्या बाजूने पडला. ७ मे रोजी मुले वर्गात परतली. २३ मे रोजी ११७ विद्यार्थ्यांच्या वतीने परगण्याच्या शाळामंडळाविरुद्ध दावा दाखल झाला. यादीत पहिले नाव डोरोथी डेव्हिस या चौदा वर्षांच्या मुलीचे होते, म्हणून तो डेव्हिस खटला या नावाने ओळखला जातो.

खालच्या न्यायालयात मुले हरली. पण सर्वोच्च न्यायालयाने हा खटला अशाच आणखी चार खटल्यांबरोबर ऐकला. 'ब्राउन विरुद्ध शिक्षणमंडळ' या नावाने प्रसिद्ध असलेला निकाल १७ मे १९५४ रोजी लागला. सार्वजनिक शाळांत वर्णावरून मुलांना वेगळे ठेवणे घटनेच्या विरुद्ध आहे, असे न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले. पाच खटल्यांपैकी विद्यार्थ्यांच्या संपातून उभा राहिलेला खटला हा एकच.

या यशाची किंमत मात्र ज्याची त्याने निरनिराळी मोजली. मुख्याध्यापक जोन्स यांना त्यांच्या जागेवर पुन्हा नेमले गेले नाही. चिठ्ठ्यांची युक्ती त्यांना वाचवू शकली नाही. बार्बाराच्या जिवाची काळजी वाटून आईवडिलांनी तिला मॉन्टगोमरी शहरी चुलत्यांकडे पाठविले आणि शाळेचे अखेरचे वर्ष तिने तेथे काढले. १९५३ साली मोटन विद्यालयाला नवी प्रशस्त इमारत मिळाली, त्या वेळी ती तेथे नव्हती. सर्वांत मोठा घाव तर तिच्या मागून येणाऱ्या मुलांवर पडला. एकत्र शाळा चालविण्यापेक्षा शाळाच नको, असे म्हणून परगण्याच्या कारभाऱ्यांनी १९५९ साली आपल्या सर्व सार्वजनिक शाळांना कुलपे लावली. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली. कृष्णवर्णीय मुलांपैकी काही परगावी नातलगांकडे किंवा अनोळखी कुटुंबांत राहून शिकली. अनेक मुले घरीच राहिली. सातव्या वर्षी पाटी हाती घ्यावयाची ती कित्येकांनी बाराव्या वर्षी घेतली. सर्वोच्च न्यायालयाच्या आणखी एका निकालानंतर, १९६४ साली, त्या शाळांची दारे उघडली.

बार्बारा पुढे फिलाडेल्फिया शहरात ग्रंथपाल झाली. तिने संसार केला, पाच मुले वाढविली आणि फार्मव्हिलच्या त्या दिवसाविषयी ती फारसे बोलत नसे. १९९१ साली ती वारली. व्हर्जिनियाच्या वतीने अमेरिकेच्या संसदभवनात सेनापती रॉबर्ट ली यांचा पुतळा उभा होता. तो २०२० च्या डिसेंबरमध्ये हलविण्यात आला आणि त्याच्या जागेसाठी बार्बारा जॉन्स हिची निवड झाली. मोटन विद्यालयाची जुनी इमारत अद्याप उभी आहे. २००१ सालापासून तेथे संग्रहालय आहे. ज्या सभागृहात साडेचारशे मुले त्या सकाळी जमली होती, ते तेथे पाहावयास मिळते.