दुर्बिणीतून काढलेला तुकडा : बायोप्सीला घाबरायचं का?

पचनसंस्थेचा पाठ शिकवताना आपण फळ्यावर तोंडापासून गुदद्वारापर्यंत एक लांबलचक नळी काढतो. याच नळीत कर्करोग आहे का, हे डॉक्टर कसं शोधतात ते आज पाहू. कारण आपल्याकडे घरोघरी एक वाक्य ऐकू येतं, "तुकडा काढला की रोग पसरतो." या समजापायी माणसं महिनोन्‌महिने ॲसिडिटीच्या गोळ्या खात घरी बसतात.

एंडोस्कोप म्हणजे बोटाएवढी जाड, वाकणारी नळी. टोकाला दिवा आणि कॅमेरा. १९५७ मध्ये बेसिल हिर्शोविट्झ या डॉक्टरांनी काचतंतूंची अशी लवचीक दुर्बीण आधी स्वतःच्याच घशातून उतरवून पाहिली! नळीतल्या बारीक पोकळीतून चिमटा आत सरकवतात आणि तिळाएवढा तुकडा घेतात. अस्तराचा तुकडा घेताना दुखत नाही. जठराची तपासणी पाच-दहा मिनिटांत आटोपते, फक्त आधी सहा-आठ तास उपाशी राहायचं. मोठ्या आतड्याची असेल तर औषध पिऊन पोट साफ करावं लागतं, आणि वैताग खरा त्याचाच.

पण कॅमेऱ्यात दिसलं, तरी तुकडा कशाला? कारण साधा अल्सर आणि कर्करोगाची जखम वरून सारखीच दिसू शकते. म्हणून जखमेच्या कडांवरून आणि तळातून मिळून सहा-आठ तुकडे घेतात. एखाद्याच तुकड्यात नुसत्या मेलेल्या पेशी आल्या तर निदान हुकतं. तुकडे फॉर्मालिनमध्ये ठेवतात, मग मेणात बसवून केसाहून पातळ काप करतात, रंगवतात आणि पॅथॉलॉजिस्ट ते सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. रिपोर्टला काही दिवस लागतात ते यामुळेच. "कर्करोग नाही" असं आलं तरी शंका असेल तर पुन्हा तुकडे घेतात.

आता ती भीती. अन्ननलिका, जठर, आतड्यातला असा तुकडा घेतल्याने रोग पसरतो, याला आधार नाही. रोग आधीच वाढलेला असताना तपासणी होते, पुढे तब्येत ढासळते आणि बोल बायोप्सीला लागतो. थोडं रक्त येतं, ते बहुधा आपोआप थांबतं. मात्र रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगायलाच हवं.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिथले कार्यकर्ते गावोगाव जाऊन लक्षणं समजावतात, माणसांना तपासणीला आणतात. पालकसभेत आपणही एवढं सांगू शकतो : घास अडकणं, विनाकारण वजन घटणं, डांबरासारखी काळी शी, शौचातून रक्त. (लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, हेही सांगा.) तंबाखू-मिश्रीची सवय असलेल्या आजीचा घास अडकत असेल तर थांबू नका. लोणीच्या प्रवरा रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणी दाखवा.

आणि हो, रिपोर्टसोबत काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळेही मागून घ्या, जपून ठेवा. पुढे मुंबईला टाटा हॉस्पिटलात जावं लागलं, तर तिथले डॉक्टर तेच पुन्हा तपासायला मागतात.